नदीसाठी फीडर रॉड निवडताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या नद्यांवर सामन-ट्राउट सोडून इतर मासे गळाने धरण्यास १५ मार्चपासून बंदी असते आणि १६ जूनला हंगाम पुन्हा उघडतो. नवे रॉड घेण्याचे बेत बहुधा या मधल्या तीन महिन्यांत ठरतात. ट्रेंट नदीच्या काठी राहायला आल्यावर मीही असाच एक फीडर रॉड घेतला होता, आणि तो वाहत्या पाण्यासाठी नसून तळ्यासाठी बनवलेला आहे हे उमगायला मला पूर्ण हंगाम लागला. कोकणात लहानपणापासून गरवण्याचा सराव असला, तरी फीडरचे तंत्र वेगळे आहे. इथे नव्याने आलेल्या मराठी मित्रांकडूनही तीच चूक होताना दिसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

फीडर म्हणजे वजन लावलेला, चारा भरण्याचा लहानसा पिंजरा किंवा भोके पाडलेली डबी. तो तळाशी बसतो, चारा हळूहळू बाहेर पडतो आणि जवळच असलेल्या गळाकडे मासा येतो. तळ्यात तो पडेल तिथे राहतो; नदीत मात्र प्रवाह फीडरला आणि तंगूसाला सतत ओढत असतो. म्हणून आपल्या नदीत फीडर जागेवर राहण्यासाठी किती वजन लागते, हे आधी पाहावे आणि मगच रॉड निवडावा. बहुतेकजण नेमके उलट करतात.

पहिली चूक वजनाच्या हिशेबाची. रॉडवर ‘८० ग्रॅम’ असे छापलेले असेल, तर ती मर्यादा रिकाम्या फीडरची नसून भरलेल्या फीडरची समजावी. ६० ग्रॅमच्या पिंजऱ्यात ओला चारा दाबून भरला की आणखी ३०-४० ग्रॅम सहज वाढतात, आणि तो जोराने फेकताना रॉडचा मधला भाग नको तितका लचकतो. फेक आखूड पडते, दिशा चुकते आणि कधी रॉडला तडाही जातो. ट्रेंटसारख्या मोठ्या नदीत उन्हाळ्यातसुद्धा ३ ते ४ औंस, म्हणजे सुमारे ८५ ते ११५ ग्रॅमचा फीडर लागू शकतो आणि पाणी चढल्यावर त्याहूनही जड. अशा ठिकाणी १२० ते १५० ग्रॅम पेलणारा रॉडच घ्यावा.

दुसरी चूक टोकाच्या निवडीची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त मासे याच चुकीमुळे हातचे जातात. फीडर रॉडला निरनिराळ्या ताकदीची बदलता येणारी टोके मिळतात आणि त्यांची ताकद औंसात सांगितली जाते. नाजूक टोकावर मासा लवकर कळतो, म्हणून नवखा माणूस १ औंसाचे टोक लावतो. पण जोराच्या धारेत ते प्रवाहानेच पूर्ण वाकते आणि मग मासा ओढतो आहे की पाणी, हे समजण्याला वावच राहत नाही. अशा वेळी ३ किंवा ४ औंसांचे टोक लावावे. मात्र त्याआधी आणखी एक उपाय करून पाहण्यासारखा आहे: फीडर किंचित प्रवाहाच्या खालच्या अंगाला टाकावा आणि तो तळाशी बसल्यावर मीटर-दोन मीटर तंगूस सैल सोडावा, म्हणजे पाण्यात त्याची कमान तयार होते, ओढ कमी होते आणि हलका फीडरही टिकतो. याच मांडणीत एकदा बंधाऱ्याखाली माझे टोक किंचित थरथरले, मग एकाएकी ताठ सरळ झाले आणि तंगूस सैल पडला. फीडर घसरला असे समजून मी तो गुंडाळून पुन्हा टाकला, आणि असे तीन वेळा केले. शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी सांगितले, तेव्हा कळले की माशाने आमिष उचलून फीडर जागचा हलवला, की टोक असेच सरळ होते. तो मासाच होता. त्याच क्षणी रॉड उचलायला हवा होता.

लांबीबाबत थोडक्यात सांगायचे, तर रुंद नदीवर १२ ते १३ फूट लांबी सोयीची ठरते, कारण रॉड उंच उभा ठेवला की पाण्यात कमी तंगूस राहतो आणि प्रवाहाची ओढ घटते. टीम (Teme) नदीसारख्या, झाडांनी वेढलेल्या छोट्या नदीवर हीच लांबी फांद्यांत अडकते. तिथे १० ते ११ फूट पुरे.

रॉड फार ताठ किंवा फार मऊ घेणे हीही चूकच. ताठ रॉडने छोट्या माशाच्या तोंडातून गळ निसटतो. मऊ रॉडने बार्बेल, जो आपल्या महसीरच्या कुळातला आहे, फार वेळ झुंजत राहतो आणि पुरता दमतो. सोडताना त्याला प्रवाहाकडे तोंड करून, तो स्वतः पोहू लागेपर्यंत पाण्यात सरळ धरून ठेवावे लागते. बार्बेलसाठी साधारण दीड ते पावणेदोन पौंड टेस्ट कर्व्हचा रॉड योग्य. टोक बुंध्याशी काटकोनात येईल इतके वाकवण्यास लागणारे वजन, असा त्या आकड्याचा अर्थ.

शेवटची गोष्ट जादा टोकांची. टोके मोडतातच, आणि एका कंपनीचे टोक दुसऱ्या कंपनीच्या रॉडमध्ये बसेलच असे नाही, कारण बुडाचा व्यास वेगळा असतो. त्यामुळे रॉड घेतानाच एखादे जड टोक सोबत घ्यावे, आणि पुढे कधी नवे आणायचे झाल्यास मोडलेल्या टोकाचे बूड दुकानात घेऊन जाऊन तिथेच मोजून पाहावे.