ओएस अपग्रेड केली आणि प्लगइन गायब? या चुका टाळा

दोन दिवसांनी मिक्स द्यायचा होता आणि मी रात्री अपडेटचं बटण दाबलं. का दाबलं, ते आजही सांगता येणार नाही. ती सूचना रोज कोपऱ्यात येऊन बसायची, वैताग आला आणि दाबलं. सकाळी नवी ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) म्हणाली की डीएडब्ल्यूचीही (गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) नवी आवृत्ती लागेल, तीही घातली. प्रोजेक्ट उघडला तर अकरा ट्रॅकवर प्लगइनची, म्हणजे डीएडब्ल्यूत जोडायच्या वाद्यांची आणि इफेक्टची, नावं करडी पडलेली.

पुढच्या तासाभरात मी सगळी प्लगइन काढून टाकली, सापडतील ती पुन्हा घातली आणि मधे सवयीने दोनदा सेव्ह केलं. अपग्रेडने जे बिघडवलं होतं ते अर्ध्या दिवसात निस्तरलं असतं. मी स्वतः घाबरून जे बिघडवलं त्याला आठवडा लागला. म्हणून इथे अपग्रेडच्या आधीच्या चुकांपेक्षा नंतरच्या चुकांबद्दल जास्त बोलणार आहे.

डीएडब्ल्यू उघडलं म्हणजे झालं, असं धरणं

अपग्रेड करण्याआधी बहुतेक जण एकच गोष्ट तपासतात: आपलं डीएडब्ल्यू नव्या ओएसवर चालतं का. पण आवाज तुमच्या कानापर्यंत येतो तो चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या हातातून. डीएडब्ल्यू एकाचं, प्लगइन दहा जणांची, इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणारा डबा) ड्रायव्हर तिसऱ्याचा, लायसन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर चौथ्याचं, सॅम्पल वाजवणारा प्लेअर आणखी कुणाचा. यातला जो सर्वात आळशी, त्याच्या वेगाने तुम्हाला चालावं लागतं.

२०१९ साली मॅकओएस कॅटलिना आली आणि ३२-बिट सॉफ्टवेअर चालणं कायमचं बंद झालं. डीएडब्ल्यू तोवर ६४-बिट झालेली होती, मेले ते जुने प्लगइन आणि इन्स्टॉलर. २०२५ च्या मॅकओएस टाहोने फायरवायर या जुन्या जोडणीचा आधार काढून घेतला. म्हणजे प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारा भाग) ठणठणीत असलेला फायरवायरचा इंटरफेसही त्या ओएसवर नुसता डबा. असा इंटरफेस असेल तर ड्रायव्हर शोधण्यात रात्र घालवू नका, तो सापडणार नाही. एकतर जुन्या ओएसवर राहा किंवा इंटरफेस बदला.

मोठं अपग्रेडच धोक्याचं असतं असंही नाही. मार्च २०२४ मध्ये मॅकओएस १४.४ हे वरवर किरकोळ अपडेट आलं आणि अॅपल सिलिकॉन (अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या) मशीनवर आयलॉक या लायसन्स तपासणाऱ्या यंत्रणेचं संरक्षण असलेले ऑडिओ युनिट प्रकारचे प्लगइन डीएडब्ल्यू बंद पाडायला लागले. त्याच महिन्यात १४.४.१ येऊन ते सुधारलं, पण मधल्या काळात ज्यांची डेडलाइन होती त्यांचे हाल झाले. अपडेट आपोआप घालण्याची सोय कामाच्या मशीनवर बंदच ठेवावी, असं माझं सरळ मत आहे. सुरक्षेचे पॅच मात्र अडवून ठेवू नका. ते स्वतः ठरवलेल्या दिवशी, दोन कामांच्या मधे घाला.

करडे ट्रॅक दिसत असताना सेव्ह करणं

ही सगळ्यात महागडी चूक. प्लगइन सापडलं नाही तर बरीच डीएडब्ल्यू त्याची जागा आणि सेटिंग धरून ठेवतात, ते परत आलं की सगळं जागच्या जागी बसतं. पण आपण काय करतो? करडा चौकोन बघवत नाही म्हणून तो काढतो, त्या जागी दुसरं काहीतरी लावून बघतो, आणि हात आपोआप सेव्हवर जातो. मूळ सिंथचा (आवाज घडवणाऱ्या प्लगइनचा) कष्टाने जुळवलेला आवाज तिथेच संपतो.

दुसरा सापळा आवृत्तीचा. नव्या डीएडब्ल्यूमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात बहुधा उघडत नाही. त्यामुळे उद्या ओएस मागे नेलीत तरी प्रोजेक्ट मागे येईलच असं नाही.

अपग्रेडनंतर कुठलाही जुना प्रोजेक्ट उघडायचा तर आधी त्या अख्ख्या फोल्डरची प्रत काढा आणि प्रतीवरच प्रयोग करा. ऑटोसेव्ह चालू असेल तर हे आणखी गरजेचं.

सगळं काढून पुन्हा घालणं

प्लगइन दिसत नाही याचा अर्थ ते मशीनवर नाही असा होत नाही. आधी फाइल जागेवर आहे का ते बघा. मॅकवर मुख्य लायब्ररी फोल्डरमध्ये ऑडिओ, त्यात प्लग-इन्स, आणि त्यात कंपोनंट्स (ऑडिओ युनिटसाठी) व व्हीएसटी३ (प्लगइनच्या दुसऱ्या एका प्रकारासाठी) असे फोल्डर असतात. विंडोजवर व्हीएसटी३ प्लगइन प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्स फोल्डरमध्ये सापडतात. फाइल तिथे असेल तर दोष दुसरीकडे आहे, आणि ती काढून पुन्हा घालण्याने फक्त लायसन्सची एक अॅक्टिव्हेशन वाया जाण्याची शक्यता वाढते.

त्यानंतर डीएडब्ल्यूच्या प्लगइन मॅनेजरमधून पुन्हा स्कॅन करा. पहिल्यांदा स्कॅन करताना लायसन्सचं सॉफ्टवेअर अपडेट झालेलं नसेल तर प्लगइन नापास होतं, डीएडब्ल्यू ते लक्षात ठेवतं आणि नंतर सगळं ठीक झालं तरी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. अॅपलच्या लॉजिक या डीएडब्ल्यूमध्ये त्या प्लगइनवर 'रीसेट अँड रीस्कॅन' करावं लागतं, इतर ठिकाणी नापासांची यादी पुसावी लागते. म्हणजे क्रम असा: आधी लायसन्स मॅनेजर, मग प्लगइनचं अपडेट, मग स्कॅन. मी नेमका उलटा गेलो होतो.

मॅकवर 'डेव्हलपरची खात्री करता येत नाही' असा निरोप आला तर जुनी युक्ती म्हणजे कंट्रोल दाबून उघडणं. २०२४ च्या सिक्वोयापासून ती चालत नाही. सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन 'ओपन एनीवे' द्यावं लागतं, तेही निर्मात्याच्या अधिकृत जागेवरून घेतलेल्या फाइललाच द्या.

रोझेटाचा विसर पडणं

माझ्या अकरांपैकी दहा ट्रॅकचं कारण हेच निघालं. जुनं डीएडब्ल्यू इंटेलच्या चिपसाठी लिहिलेलं होतं आणि अॅपल सिलिकॉनवर रोझेटा २ या अॅपलच्या अनुवादकातून चालायचं, त्यामुळे इंटेलची जुनी प्लगइनही त्यात सुखाने नांदायची. नवी आवृत्ती थेट अॅपल सिलिकॉनची आणि प्लगइन मात्र अजून इंटेलची. थेट चालणाऱ्या डीएडब्ल्यूत इंटेलचं व्हीएसटी सहसा भरतीच होत नाही.

तात्पुरता उपाय सोपा आहे: अॅप्लिकेशनवर जाऊन 'गेट इन्फो', तिथे 'ओपन युझिंग रोझेटा'वर खूण, आणि डीएडब्ल्यू पुन्हा सुरू. दहाच्या दहा ट्रॅक दोन मिनिटांत जिवंत झाले. पण हा आधार कायमचा नाही. अॅपलने २०२५ मध्येच सांगितलं की रोझेटा आजच्या रूपात मॅकओएस २७ पर्यंत मिळेल. तोवर आपल्या कामाच्या प्लगइनांपैकी कुणाची थेट आवृत्ती आली आणि कुणाची येणार नाही, हे बघून ठेवा. आणि स्टाइनबर्गच्या क्युबेस या डीएडब्ल्यूमध्ये १२ व्या आवृत्तीपासून अॅपल सिलिकॉनवर थेट चालवताना जुन्या व्हीएसटी२ प्रकारची प्लगइन चालत नाहीत. तिथे त्याच प्लगइनचं व्हीएसटी३ रूप लागतं.

रेकॉर्डिंग कोरं येतंय म्हणून केबल बदलत बसणं

इंटरफेसवरचा दिवा गायकाच्या प्रत्येक शब्दाला लुकलुकतोय. गेन बरोबर आहे. ट्रॅक आर्म केलेला (रेकॉर्डिंगला सज्ज) आहे. रेकॉर्ड दाबलं की रेघ सरकते, पण लहर उमटत नाही. सरळ सपाट रेघ, आणि कुठेही चुकीचा निरोप नाही. अशा वेळी माणूस माइक बदलतो, केबल बदलतो, माइकला वीज देणारी फँटम पॉवर चारदा तपासतो.

मॅकवर २०१८ च्या मोहावीपासून माइकची परवानगी अॅपला वेगळी द्यावी लागते. ती नसली तर यंत्रणा अॅपला शांतता पाठवते, तक्रार करत नाही. प्रायव्हसीतल्या मायक्रोफोनच्या यादीत डीएडब्ल्यूच्या नावापुढचं बटण चालू करा आणि डीएडब्ल्यू बंद करून पुन्हा उघडा. दिवा लुकलुकतोय म्हणजे इंटरफेसपर्यंत आवाज पोचतोय, हे एवढं लक्षात आलं असतं तर केबलच्या भानगडीत पडायचं कारणच नव्हतं. विंडोजवर एएसआयओ (ऑडिओसाठीचा खास ड्रायव्हर) ऐवजी विंडोजचाच ड्रायव्हर वापरत असाल तर तिथेही डेस्कटॉप अॅप्सना माइक देण्याची परवानगी बघा.

गाणं वरच्या पट्टीत गेलं, आणि तडतड

अपग्रेडनंतर इंटरफेसचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) कधीकधी ४८,००० वर जाऊन बसतो आणि प्रोजेक्ट ४४,१०० चा असतो. दोघांचं जुळलं नाही तर चार मिनिटांचं गाणं साधारण तीन मिनिटं चाळीस सेकंदांत उरकतं आणि सुमारे दीड सेमीटोन वर चढतं. पांढरी एकमधलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे लटकतं, कीबोर्डवर साथ करायला गेलात तर एकही पट्टी लागत नाही. हे ऐकू आलं की प्लगइनच्या मागे लागू नका, दोन्ही रेट सारखे करा.

तडतड ऐकू आली तर पहिल्या दिवशी काहीच करू नका. नवी ओएस मागे फायलींची सूची बनवत असते, प्रोसेसर तिकडे गुंतलेला असतो. दुसऱ्या दिवशीही राहिली तर बफर (एका वेळी हाताळायच्या नमुन्यांचा साठा) वाढवा: ४४,१०० वर १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे तीन मिलिसेकंदांचा उशीर, १०२४ म्हणजे तेवीस. मिक्स करताना तेवीस चालतात, गाताना नाही. विंडोजवर पॉवर प्लॅन आपोआप बदललाय का तेही बघा.

परतीची वाट स्वतःच बुजवणं

विंडोजमध्ये अपग्रेडनंतर साधारण १० दिवस मागे जाता येतं, कारण जुनी ओएस विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते. डिस्क भरली म्हणून क्लीनअप चालवलं आणि तो फोल्डर गेला, की दार बंद. सॅम्पल लायब्ररींनी डिस्क तुडुंब असणाऱ्या आपल्या मंडळींकडून हे हमखास होतं.

मॅकवर मागे जायचं तर मशीन पुसून नव्याने मांडावं लागतं, आणि जी ओएस घेऊन मशीन आलं तिच्याही मागे जाता येत नाही. त्यापेक्षा डिस्क युटिलिटीत वेगळा एपीएफएस व्हॉल्यूम (त्याच डिस्कवरचा स्वतंत्र कप्पा) करून नवी ओएस आधी तिथे घालून बघावी. जागा आधीच बाजूला काढायची गरज नसते आणि कामाचा सेटअप जसाच्या तसा राहतो.

माझा अकरावा ट्रॅक परत आला नाही. तो सिंथ बनवणाऱ्यांनी तो केव्हाच बंद केला होता, आणि त्याचं सेटिंग मी त्या सकाळी सेव्ह करून पुसलं होतं. तीन महिन्यांपूर्वी कुणाला तरी पाठवायला काढलेली त्या ट्रॅकची वेव्ह फाइल एका फोल्डरमध्ये सापडली, मूळ टेम्पोत, शून्यापासून सुरू होणारी. ती तशीच टाइमलाइनवर टाकली. गाण्यात आजही तीच आहे, फक्त तिचा एक सूरही बदलता येत नाही.