सावलीतल्या रानवनस्पती: या चुका टाळा

स्थानिक जंगलातील बहुवर्षायू वनस्पती बागेत टिकत नाहीत, तेव्हा दोष सहसा सावलीला दिला जातो. वास्तविक सावली त्यांना हवीच असते. बिघडते ते त्यांचे ऋतुचक्र न ओळखल्यामुळे.

सर्वांत घातक चूक म्हणजे सुप्तावस्थेला मरण समजणे. रानहळद पावसाळ्यात फुलते आणि पाऊस सरल्यावर तिची पाने वाळून जातात; थंड प्रदेशांतील ट्रिलियम ही छोटी रानवनस्पती, वृक्षांची पालवी दाट होण्याआधी, वसंतातच फुलून घेते आणि पुढे जमिनीखाली विसावते. अशा वेळी रोप गेले असे समजून पाणी वाढवले, तर रानहळदीसारख्या वनस्पतींचे कंद कुजतात. जागा रिकामी मानून खणले, तर ते कुदळीखाली चिरडले जातात. म्हणून लागवडीच्या वेळीच पक्की खूण रोवावी, पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत कापू नयेत, कारण पुढील हंगामाचा अन्नसाठा त्याच काळात कंदात भरला जात असतो, आणि विश्रांतीच्या काळात पाणी हात राखूनच द्यावे.

वाढीच्या काळातच पाने मलूल होत असतील, तर मात्र कारण वेगळे असते. वृक्षांची पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या सुमारे 30 सेंटिमीटर मातीतच असतात आणि नव्या रोपाच्या वाट्याचा ओलावा ती ओढून घेतात. तेथे संपूर्ण वाफा खणण्याऐवजी मुळांमधल्या जागेत छोटे खड्डे घेऊन लहान रोपे लावावीत आणि पहिले वर्षभर वाढीच्या काळात खोलवर पाणी द्यावे. बुंध्याभोवती मातीचा थर चढवणे टाळावे, कारण त्याने वृक्षाची मुळे गुदमरतात.

पालापाचोळा झाडून नेण्याची सवय सोडलेली बरी, कारण या वनस्पतींचे खरे खत तेच आहे. चिवट पानांचा थर साचत असेल, तर ती चुरून पसरावीत आणि कोंबाजवळची जागा मोकळी ठेवावी. ताजे शेणखत वा भरपूर नत्र देऊ नये.

बियांबाबत घाई नडते. ट्रिलियमला बीपासून फुलापर्यंत 5 ते 7 वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि त्याचे बी सुकवून ठेवण्यापेक्षा ताजे असतानाच पेरावे. हा विलंब टाळण्यासाठी जंगलातून कंद उपटून आणणे अक्षम्य आहे. रोपवाटिकेतही रोप बीपासून किंवा विभाजनाने तयार केले आहे का, हे स्पष्ट विचारावे. रानातून खणून आणून कुंडीत ठेवलेले रोपही तेथे विक्रीला असू शकते.