ड्रायव्हरमधील मेमरी फॉल्ट कसा हाताळावा

यवतमाळकडच्या कपाशीच्या शेतात ओलावा मोजणारे यंत्र लिनक्सवर चालत असेल आणि त्याचा ड्रायव्हर (यंत्र आणि लिनक्स यांना जोडणारा प्रोग्राम) आपण लिहीत असू, तर वापरकर्त्याच्या प्रोग्रामकडून आलेला पॉइंटर, म्हणजे मेमरीतील पत्ता, थेट वाचू नये. तो पत्ता चुकीचा असू शकतो, म्हणून डेटा ‘कॉपी_फ्रॉम_यूजर’ या फंक्शननेच आणावा. हे फंक्शन एरर कोड नव्हे, तर कॉपी न झालेल्या बाइट्सची संख्या परत करते, आणि नवखे नेमके इथेच फसतात. ती संख्या जशीच्या तशी परत दिली, की ‘राइट’ कॉल करणाऱ्याला, म्हणजे ड्रायव्हरकडे डेटा पाठवणाऱ्या प्रोग्रामला, काम झाल्यासारखेच वाटते. संख्या शून्य नसेल, तर घेतलेली मेमरी मोकळी करून, म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत येऊ देणारे कुलूप) सोडून ‘-ईफॉल्ट’, म्हणजे ‘पत्ता चुकीचा’ हा एरर कोड -14, परत करावे.

हवे असलेले पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) मेमरीत येईपर्यंत हे फंक्शन थांबू शकते, त्यामुळे स्पिनलॉक (जे धरून मध्ये थांबायचे नसते असे कुलूप) धरलेला असताना ते बोलावणे धोक्याचे आहे.

चाचणीत मुद्दाम नल पॉइंटर (शून्य पत्ता) द्यावा. तरीही ‘ऊप्स’ (लिनक्सच्या गाभ्यातील बिघाडाचा संदेश) आलेच, तर त्यातील फंक्शनचे नाव व ऑफसेट (फंक्शनच्या सुरुवातीपासूनचे अंतर) आधी पाहावे. वावरात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा लॉग सिरियल केबलने लॅपटॉपवर उतरवत राहावा.