‘मला काय होतंय’ म्हणणाऱ्या माणसाचं कसं ऐकावं

दिवाळीनंतर गावी गेलो तेव्हा आई ओटीवर मेथी निवडत बसली होती. ‘तब्येत कशी आहे?’ विचारलं. ‘बरी आहे की, मला काय होतंय!’ म्हणाली आणि बोलता बोलता दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले. मी ते पाहिलं. थंडी वाजत असेल असं मनाशीच ठरवलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. तिसऱ्या दिवशी कळलं की तिचे घोटे सुजले होते आणि ते मला दिसू नयेत म्हणून ती पाय झाकत होती.

म्हणजे नजर नीट होती, लक्ष नव्हतं. तेव्हापासून मी काही गोष्टी मुद्दाम करायला लागलो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांशी बोलताना त्यांचा मला फार उपयोग झाला, म्हणून इथे लिहितोय.

आधी जागा बघा. टीव्ही बंद करा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. उलटा करून शेजारी ठेवला तरी हात तिकडे जातोच. समोर खुर्ची टाकून मुलाखत घेतल्यासारखं बसू नका. त्यांच्या हातात काम असेल तर तुम्हीही शेजारी बसून दोन काड्या निवडायला घ्या. नजरेला नजर नसली की अवघड गोष्टी सोप्या निघतात. ऐकू कमी येत असेल तर मात्र उलट करायचं: समोर, उजेडात बसायचं, म्हणजे ओठ दिसतात. वयोमानाने आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स, श, फ यांसारखे वर्ण निसटतात. ओरडून उपयोग नाही, सावकाश आणि स्पष्ट बोला. ‘आजोबा लक्षच देत नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा कानांची असते.

मग थांबा. सगळ्यात कठीण हेच. २००९ साली जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो असं दिसलं. इतक्या थोड्या वेळात उत्तर द्यायचं तर समोरचा बोलत असतानाच आपण ते जुळवायला लागतो, आणि जुळवायला लागलो की त्याचं शेवटचं वाक्य आपल्याला धड ऐकू येत नाही. म्हणून त्यांचं बोलणं संपलं की मनात तीन आकडे मोजा. जड वाटतं, पण खरं बोलणं त्या रिकाम्या जागेतच येतं. आई आधी ‘बरं आहे’ म्हणते, मग देठ मोडते, मग ‘तसं म्हणजे…’ असं सुरू करते. त्या ‘तसं म्हणजे’पर्यंत मी पूर्वी कधी पोचलोच नव्हतो.

नेहमीचं माणूस डोळ्यांसमोर ठेवा. हाताची घडी घातली म्हणजे राग, नजर चुकवली म्हणजे खोटं, असले तक्ते मनातून काढून टाका. आपल्याकडे मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा आदर असतो. आपली मान आडवी डोलते ती ‘हो’ म्हणायला. जिभेने एकदाच ‘च्’ केलं तर ‘नाही’, तीनचारदा केलं तर हळहळ. बघायचं ते हे, की हा माणूस एरवी कसा असतो आणि आज काय वेगळं आहे. बडबड्या काका गप्प आहेत का? एका दमात जिना चढणारी मावशी मधल्या पायरीवर थांबून खिडकीतून ‘सहज’ बाहेर बघते का?

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के’ हे वाक्यही बरेचदा फिरत असतं. तो आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यांचे फोटो वापरून आवड-नावड कळते का एवढंच तपासलं होतं. रोजच्या सगळ्या बोलण्याला तो लागू करणं चूक आहे. शब्द ऐकायचेच. हालचाल शब्दांशी जुळत नसेल तेव्हा कान टवकारायचे.

दिसलं ते विचारा, निष्कर्ष सांगू नका. माझी चूक इथेच झाली. ‘थंडी वाजतेय’ हा माझा निष्कर्ष होता. ‘आई, मघापासून तू पाय आत घेतेयस, काही दुखतंय का?’ एवढंच विचारायला हवं होतं. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न टाळा. ‘का नाही सांगितलंस?’ म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो. उत्तर आलं की आपल्या शब्दांत एकदा परत म्हणा: ‘म्हणजे चालताना नाही, संध्याकाळीच जड होतात?’ चुकलं असेल तर ते दुरुस्त करतात, आणि दुरुस्त करताना आणखी सांगतात.

सल्ला लगेच देऊ नका. ‘मी काही करू, की नुसतं ऐकू?’ असं विचारलेलं चालतं. फोनवर चेहरा नसतो, तिथे श्वास आणि ‘हं’ ऐका. एरवी अर्धा तास बोलणारी आई दोन मिनिटांत ‘ठेवू का?’ म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा.

आणि निघताना घाई करू नका. मुख्य गोष्ट बरेचदा दारात येते. मी चपला घालत होतो तेव्हा आई म्हणाली, ‘अरे, ती प्रेशरची गोळी नाही घेतली तर चालतं ना?’ मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो. गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याखालच्या डब्यात होती, अर्धीअधिक भरलेली. गोळीने पाय सुजतात म्हणून तिने ती परस्पर बंद केली होती. ‘तू आल्या आल्या काळजी नको म्हणून,’ ती म्हणाली. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी घोटे खरंच सुजतात, तेव्हा तिचा संशय खोटा नव्हता. संध्याकाळची एसटी सोडली आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी बदलून दिली. परतताना रिक्षात तिने पाय पुढे सोडले होते.