ओढ्याकाठच्या बोराटीवर उमराणचा डोळा

अक्कलकोटच्या बाजूला आमचं रान ओढ्याला लागून आहे आणि काठानं नुसती बोराटी, म्हणजे रानबोर, माजलेली. लोक ती तोडून कुंपणाला टाकतात आणि विकतची बोरीची रोपं आणून उन्हाळाभर पाणी घालत बसतात. मी म्हणते, आहे त्या बोराटीवरच उमराण या बोरीच्या जातीचा डोळा भरा, म्हणजे तिच्या काडीवरचा न उमललेला कोंब सालीसकट काढून बोराटीच्या फुटव्यात बसवा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. बोराटीचं सोटमूळ मात्र आधीच खोल गेलेलं असतं. ती उपटून दुसरीकडे लावायला जाऊ नका, सोटमूळ तुटलं की सहसा जगत नाही.

अगदी कडेवरची झुडपं सोडून द्या, काठाची माती त्यांनीच धरलेली असते. जरा वरच्या अंगाची, खोड निरोगी असलेली निवडा. एप्रिल-मेमध्ये जमिनीपासून वीतभर ठेवून करवतीनं कापा. कोयत्याच्या घावानं खुंट चिरतो. तोडलेल्या काट्या खुंटाभोवतीच रचा, नाहीतर शेळ्या एक फुटवा ठेवायच्या नाहीत. फुटवे भरपूर येतील. त्यातले सरळ, जोमदार दोन ठेवून बाकीचे कोवळे असतानाच मोडून टाका.

ज्या उमराणचा डोळा घ्यायचा, तिचीही छाटणी त्याच सुमारास झालेली हवी, म्हणजे दोन्हींची नवती बरोबर तयार होते.

पावसाळा लागला आणि फुटवा पेन्सिलीएवढा जाड झाला, की आधी साल बघा. चाकूच्या टोकानं जरा उचकटा. ओलसर, चकचकीत आतली बाजू दाखवत ती सहज सुटली, तरच पुढं जा. चिकटून फाटत असेल तर आठवडाभर थांबा. उमराणची डोळकाडी यंदाच्या फुटीची घ्या, डोळा फुगलेला पण न उमललेला हवा. पानं कापा, देठ तेवढा ठेवा, आणि काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी वापरा.

फुटव्यावर इंग्रजी ‘टी’सारखी चीर द्या, उभा काप इंचभर. डोळा ढालीच्या आकारात सालीसकट काढा, आतल्या बाजूला बोट लावू नका. चिरेत वरून खाली सरकवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधा, डोळा तेवढा उघडा ठेवून. मुसळधार पावसात हे काम करू नये, चिरेत पाणी गेलं की डोळा कुजतो.

दोन-तीन आठवड्यांनी देठाला बोट लावा. तो अलगद गळला आणि डोळा हिरवा असला तर जमलं. देठ वाळून चिकटला असेल तर दुसऱ्या फुटव्यावर पुन्हा भरा. जमलेल्या डोळ्याच्या दोन इंच वर फुटवा कापा, फूट वाढू लागली की पट्टी सोडा, काठीचा आधार द्या. खालून येणारे रानफुटवे मोडत राहणं हे खरं काम. आठ-पंधरा दिवस दुर्लक्ष झालं तर बोराटी उमराणला दाबून टाकते.

पुढं दर उन्हाळ्यात छाटणी करायचीच, कारण बोरी नव्या फुटीवरच फुलते. थंडीत पानांवर, फळांवर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक दहा लिटरला वीस ग्रॅम फवारा. संक्रांतीला, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, बोरं पिकायला लागतात, तेव्हा खाली पडलेली किडकी बोरं रोज वेचून नष्ट करा. फळमाशीची अळी त्यातून मातीत उतरून कोष करते, म्हणून उन्हाळ्यात झाडाखालची माती एकदा खणून उन्हात तापू द्या.