लिनक्स सर्व्हरवर डिस्कचे मिररिंग: आधीची तयारी

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची अडत असो किंवा पेठेतील पतसंस्था, हिशेबाचा सर्व्हर बंद पडला की सगळेच व्यवहार खोळंबतात. म्हणून रेड 1, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारे मिररिंग, उभारताना कमांड देण्याआधीची तयारी अधिक निगुतीने करावी.

सर्वांत आधी बॅकअप घ्यावा. मिररिंग केवळ डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. चुकून पुसलेली खतावणी दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जाते आणि पुराचे पाणीही दोन्ही डिस्कना एकदमच गाठते. 2019 चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या शहरात सर्व्हर वरच्या मजल्यावर आणि बॅकअपची एक प्रत पूरपट्ट्याबाहेर असलीच पाहिजे. त्या प्रतीतून काही फायली प्रत्यक्ष परत उतरवून पाहाव्यात.

दोन्ही डिस्क शक्यतो वेगवेगळ्या बॅचच्या घ्याव्यात आणि एसएमआर प्रकारच्या (एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांत डेटा लिहिणाऱ्या, म्हणून सलग लेखनात मंदावणाऱ्या) टाळाव्यात. वापरता येणारी जागा लहान डिस्कएवढीच मिळते, म्हणून बदली डिस्क किंचित लहान निघाली तरी बसावी यासाठी पार्टिशनच्या शेवटी थोडी जागा मोकळी सोडावी. डिस्कची प्रकृती तपासणाऱ्या स्मार्टसीटीएल या कमांडची दीर्घ चाचणी दोन्हींवर पूर्ण करावी.

सिरीयल नंबर नोंदवण्याचे काम मात्र कधीही टाळू नये. लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे रीबूटनंतर बदलू शकतात. त्यामुळे प्रत्येक डिस्कचा नंबर ठळक अक्षरांत लिहून तिच्या ट्रेवर बाहेरून वाचता येईल असा चिकटवावा आणि तोच नंबर दप्तरातील वहीत उतरवावा. बिघाडाच्या दिवशी घाईघाईत चांगलीच डिस्क उपसली जाण्याचा धोका मोठा असतो आणि तो एवढ्याशा चिठ्ठीने टळतो.

सिस्टिमही याच डिस्कवर असेल, तर सिस्टिम सुरू करून देणारा ग्रब हा बूटलोडर दोन्हींवर बसवावा, यूईएफआय (नव्या प्रकारचे फर्मवेअर) असलेल्या मशीनवर ईएफआय हे बूटसाठीचे पार्टिशन दोन्हींवर ठेवावे, आणि दोन डिस्कच्या या जोडीची, म्हणजे अ‍ॅरेची नोंद एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या कमांडच्या कॉन्फिग फाइलमध्ये करून इनिटरॅमएफएस (सुरू होताना आधी चढणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्याने तयार करावे. बिघाडाची सूचना देणारा ईमेल जबाबदार माणसापर्यंत पोहोचतो का, हे चाचणी पाठवून पाहावे.

खरा डेटा चढवण्यापूर्वी रंगीत तालीम घ्यावी: मशीन बंद करून एक डिस्क काढावी, उरलेल्या डिस्कवर सिस्टिम सुरू होते का पाहावे, काढलेली डिस्क परत जोडून सिंक (दोन्ही डिस्कवरचा डेटा पुन्हा एकसारखा होणे) पूर्ण होऊ द्यावे, आणि रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये दोन्ही यू (प्रत्येक यू म्हणजे एक चालू डिस्क) दिसल्यानंतरच दुसऱ्या डिस्कची पाळी घ्यावी. मधले सिंक वगळल्यास दोन्ही डिस्कवर वेगवेगळा मजकूर साठतो आणि त्यातला खरा कोणता, हे ठरवणे कठीण होऊन बसते.