साठी उलटल्यावर आफ्रिकेचं जंगल बघायला निघताना

आधी महिना ठरवा, आणि तो शेतीच्या कामांशी ताडून बघा. केनियातल्या मसाई मारात वाइल्डबीस्टचे (मोठ्या रानटी हरणांचे) कळप नदी ओलांडताना साधारण जुलै ते ऑक्टोबर दिसतात. आपल्याकडं ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची सुगी, तेव्हा घरातलं कुणी हलत नाही. म्हणून आम्ही दोघं अंबाजोगाईहून खुरपणी उरकल्यावर, पोळ्याच्या आधी निघालो. मात्र हेच दिवस महाग पडतात. मारा अभयारण्याचं शुल्क २०२४ पासून परदेशी पाहुण्याला माणशी दिवसाला जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर आहे. नदीचाच हट्ट नसेल तर जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत टांझानियाला जा. सेरेंगेटीच्या दक्षिणेला एन्डुटूच्या माळावर त्या दिवसांत ह्याच कळपांची वासरं जन्मतात. मार्चअखेर ते मे मात्र टाळा, तो तिकडचा मोठा पावसाळा.

मग मुक्काम. दहा दिवसांत तीन देश दाखवणारी सहल आपल्या वयाला झेपत नाही, हे मी अगदी ठासून सांगते. फार तर दोन ठिकाणं घ्या आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री राहा. म्हणजे एखाद्या दिवशी कंबर धरली तर सकाळची जंगलातली फेरी सोडून मुक्कामाच्या तंबूपुढं खुर्ची टाकून बसता येतं आणि काही हुकल्यासारखं वाटत नाही. नैरोबीहून माराला गाडीनं पाच-सहा तास लागतात, तिथल्याच विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं पाऊण तास. मणक्याचा त्रास असेल तर बाकी कुठंही काटकसर करा, इथं करू नका.

डॉक्टरांकडं तीन-चार महिने आधी जा. केनियाहून परतताना आपल्या विमानतळावर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड मागतात. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रातच आणि ठरलेल्या वारीच मिळते, म्हणून तारीख आधी घेऊन ठेवा. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रास होण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. तो क्वचितच होतो, तरी तुमचे सगळे आजार ठाऊक असलेल्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय टोचून घेऊ नका. ते नको म्हणाले तर दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना किंवा नामिबिया निवडा, तिथं पिवळा ताप नाही. फक्त वाटेत नैरोबीला किंवा अदीस अबाबाला विमान बदलायचं असेल तर कार्डाचा नियम आधी विचारून घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या मादिक्वे आणि पिलान्सबर्ग ह्या जंगलांत तर मलेरियाही नाही. बाकी बहुतेक ठिकाणी मलेरियाच्या गोळ्या निघायच्या आधीपासून सुरू करून घरी आल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या चालू गोळ्यांशी त्या जुळतात का, तेवढं विचारा. आल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की मी आफ्रिकेला जाऊन आलो.

एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. जंगलात गाडीतून हवं तिथं उतरता येत नाही आणि फेरी तीन-चार तासांची असते. ह्यांना प्रोस्टेटचा त्रास, वर रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी. डॉक्टरांना विचारून ती गोळी सकाळच्या फेरीनंतर घ्यायची असं ठरवलं आणि पहिल्याच दिवशी गाडीवानाला स्पष्ट सांगितलं. तो मोकळ्या जागी गाडी थांबवायचा, चारी बाजूंना दुर्बीण फिरवायचा आणि मगच उतरू द्यायचा. लाजून पाणी पिणं तोडू नका. मला ते भोवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं ठणकून चक्कर आली आणि संध्याकाळची फेरी बुडाली.

ज्यांना साखर आहे त्यांनी हेही लक्षात घ्या, की गाडी पहाटे सहाला निघते आणि पोटभर न्याहारी नऊनंतरच मिळते. खिशात फुटाणे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू असू द्या. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ते गोठू शकतं.

शरीराची परीक्षा घरी घ्या. सफारीच्या गाडीची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येत होती. त्याआधी दोन महिने मी रोज आमच्या ओट्यावर पायऱ्या सोडून, कठडा धरून दहा वेळा चढले-उतरले. तरीही आरक्षणाच्या वेळी चढायला गाडीत ठेवायचा लाकडी पाट मागून घ्या, मागितला की मिळतो. किनवटच्या पलीकडं टिपेश्वरचं अभयारण्य आहे, तिथं जिप्सीच्या लागोपाठ दोन फेऱ्या करून बघा. धूळ, धक्के आणि पहाटेची थंडी अंगाला किती सोसते ते तिथंच कळतं. मोतीबिंदू काढायचा असेल तर निघण्याच्या पुष्कळ आधी काढा. दुर्बीण आठ बाय बत्तीसची (आठपट मोठं दाखवणारी, बत्तीस मिलिमीटर भिंगाची) घ्या, मोठी घेतली की मनगट दुखतं. हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, त्यांच्यावर ती लावून सवय करा. तेच पक्षी पुढं केनियात नाकुरूच्या तळ्यावर भेटले तेव्हा मला फार आनंद झाला.

कपडे मातकट किंवा फिक्या रंगाचे घ्या. गडद निळा आणि काळा टाळा, त्या रंगांवर त्सेत्से माशी येते आणि तिचा चावा झोंबतो. विषुववृत्त म्हणून फक्त सुती नेऊ नका. मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे आणि ऑगस्टच्या पहाटे स्वेटर, कानटोपी दोन्ही लागतात. चटण्या कॅरीबॅगमध्ये गाठ मारून भरू नका, केनियात २०१७ पासून त्यांवर बंदी आहे. मी जवसाची आणि कारळाची चटणी स्टीलच्या डब्यांत, धपाटे धुतलेल्या पंच्यात गुंडाळून नेले. शाकाहारी जेवण आधी कळवलं की नीट मिळतं. चपाती तिथंही चपातीच म्हणतात. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उगाली, घेवड्याच्या उसळीबरोबर गोड लागतो. आपली ज्वारीसुद्धा मुळात आफ्रिकेतलीच, हे तिथं जेवताना फार जवळचं वाटलं.

पासपोर्टला प्रवासानंतरही सहा महिने मुदत उरली पाहिजे, आणि त्यावरचं नाव तिकिटाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्या बायकांच्या कागदांत माहेर-सासरच्या नावांचा घोळ असतो, तो आधीच निस्तरा. केनियाला व्हिसा नाही, पण ऑनलाइन प्रवास परवानगी लागते. ती मुलांनी काढली तरी छापील प्रत स्वतःजवळ ठेवा. विम्यात जुने आजार लिहून द्या आणि जंगलातून विमानानं दवाखान्यात नेण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा. १९५७ पासून नैरोबीहून तशी विमानसेवा चालते आणि तिचं सभासदत्व काही तंबूवाले भाड्यातच देतात. तिथले प्लग तीन चौकोनी पायांचे असतात, तसा अडॅप्टर न्या.

छोट्या विमानात माणशी पंधरा किलोच चालतात, तेही हातातल्या पिशवीसकट, आणि बॅग चाकांची नको, मऊ कापडी हवी. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही बॅगा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन धान्याच्या काट्यावर ठेवल्या. माझी सतरा भरली. दुकानातच बसून दोन साड्या आणि एक डबा बाहेर काढला, पुन्हा काट्यावर ठेवली, तेव्हा पावणेपंधरा झाली.